कुणी सांगितलं, कधीपासून, आणि जुन्या अर्जांचं काय?

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये पहिली नोकरी लागते, पहिलाच प्रोजेक्ट सरकारी खात्याचा निघतो आणि महिनाभरात तक्रार सुरू होते: "यांचं रोजच काहीतरी बदलतं." बदलतं, खरं आहे. पण खासगी ग्राहकाचं मन बदलावं तसं हे नसतं. इथे जो तुमच्याशी बोलतो त्याला निर्णयाचा अधिकार नसतो. ज्याला अधिकार असतो तो स्क्रीन उघडून बघत नाही. आणि जो दिवसभर त्या स्क्रीनसमोर बसतो त्याला कुणी विचारत नाही. वर विधिमंडळ, न्यायालय, निवडणूक आणि ३१ मार्च, यांतलं कुणीच तुमचा प्रोजेक्ट प्लॅन बघून येत नाही.

तेव्हा बदल रोखण्याच्या फंदात पडू नका. जमण्यासारखं काम वेगळं आहे: प्रत्येक बदलाला एक कागद, एक तारीख आणि एक अधिकारी चिकटवून ठेवायचा. पुढच्या पायऱ्या कंपनीतल्या ॲनालिस्ट-डेव्हलपरसाठी आहेत, तशाच खात्यात कंत्राटी तांत्रिक पदावर लागलेल्यांसाठीही.

१. बदल कुठून आला ते आधी ठरवा

"रिक्वायरमेंट बदलली" असं म्हणतो तेव्हा चारपैकी एक गोष्ट झालेली असते. नियम बदलला, साहेबांना वेगळं हवंय, तालुक्यात वापरताना काहीतरी अडलं, किंवा आरएफपीत (खात्याने काम देण्याआधी काढलेल्या निविदेच्या मागणीपत्रात) ते पहिल्यापासून लिहिलेलं होतं आणि आपल्या बाजूने कुणी नीट वाचलं नाही. चारांची वाट वेगळी. पहिल्याला नाही म्हणताच येत नाही, फक्त मुदत मागता येते. दुसऱ्यावर चर्चा होऊ शकते. तिसरा बहुधा सगळ्यात मोलाचा असतो आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. चौथ्याचे पैसे मागायला जाऊ नका. बैठकीत मोठे बाबू आरएफपीचं पान काढून दाखवतात.

नियम किती झपाट्याने बदलतात याचा अंदाज नवख्यांना नसतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय (जीआर) २८ जून २०२४ चा. वय २१ ते ६०, अर्जाची मुदत १५ जुलै. आठवडाही उलटला नाही तोच ३ जुलैच्या शासन निर्णयाने वयाची वरची मर्यादा ६५ झाली, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली, पाच एकर जमिनीची अट निघाली, आणि अधिवास प्रमाणपत्र नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल असे पर्याय आले. म्हणजे एक व्हॅलिडेशन बदललं, एक तारीख बदलली, एक रकाना गेला आणि अपलोडच्या स्क्रीनची रचनाच बदलली. तेही अर्ज घेणं चालू असताना.

२. कागद हातात घ्या आणि पूर्ण वाचा

जीआर वाचायला बसलेला नवखा थेट "शासन निर्णय" या ठळक शब्दांखालच्या मजकुरावर उडी मारतो. त्याआधी "वाचा" म्हणून जी यादी असते ती बघा. हा जीआर ज्या जुन्या कागदांवर उभा आहे ते तिथे क्रमांक-तारखेसह दिलेले असतात. मग मजकुरात शोधायचं ते इतकंच: जुना निर्णय "अधिक्रमित" केलाय की त्यात "अंशतः बदल" केलाय? अधिक्रमित असेल तर जुना संपला. अंशतः बदल असेल तर जुना जिवंत आहे आणि तुम्हाला दोन्ही कागद शेजारी ठेवूनच काम करावं लागेल. चार दिवसांनी शुद्धिपत्रक निघालं का, तेही बघत राहा. रकमेतलं एक शून्य शुद्धिपत्रकातच सापडतं.

शेवटच्या परिच्छेदात संगणक संकेतांक असतो, एक लांबलचक आकडा, ज्याच्या सुरुवातीलाच वर्ष-महिना-दिवस असतात. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत स्वतः उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रतीवरून कोड लिहायला बसू नका. मसुदा सहज ओळखता येतो: संकेतांक नसतो, डिजिटल सही नसते आणि तारखेत महिना-वर्ष असतं पण दिवसाच्या जागी मोकळी जागा असते. खात्यातल्याच एखाद्या चांगल्या माणसाने "तयारीला लागा" म्हणून पाठवलेला असतो. तयारीला जरूर लागा, टेस्ट सर्व्हरवर. खऱ्या सिस्टीमवर नाही.

मग एक तक्ता करा. डावीकडे जीआरचा परिच्छेद क्रमांक, उजवीकडे त्याचा परिणाम: कुठली स्क्रीन, कुठली तपासणी, कुठला रिपोर्ट. ज्या परिच्छेदाचा सिस्टीमशी संबंध नाही त्यापुढेही तसं लिहा, रिकामं ठेवू नका. हे करताना जीआर कशाबद्दल गप्प आहे ते उघडं पडतं. "कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुले" असं लिहिलेलं असतं. माहेरी परत आलेली विधवा मुलगी कोणाच्या कुटुंबात धरायची ते लिहिलेलं नसतं. कोडला मात्र हो किंवा नाही म्हणावंच लागतं. अशा प्रश्नांची उत्तरं रात्री अकरा वाजता डेव्हलपर स्वतःच्या मनाने देतो आणि मग ते धोरण होऊन बसतं. प्रश्नांची यादी खात्याकडे पाठवा, उत्तर लेखी घ्या. परिपत्रक आणि जीआर एकमेकांविरुद्ध बोलत असतील तरी तेच: निवाडा तुम्ही करू नका, विसंगती लिहून कळवा.

३. तोंडी सूचनेला कागदावर आणा

सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याही कार्यालयात चला. बैठक संपलेली असते, चहाचे कप उचलले जात असतात, आणि दाराशी पोचल्यावर साहेब म्हणतात, "आणि हो, त्या तालुक्याच्या यादीत नाकारलेले अर्ज दाखवू नका." बाजूचे बाबू म्हणतात, "करून टाका ना भाऊ, छोटंसंच तर आहे."

तिथे "नाही" म्हणू नका आणि "होऊन जाईल" असंही म्हणू नका. "सर, आजच मेल टाकतो, एकदा बघून घ्या," इतकं पुरतं. मेल असा:

"महोदय, आजच्या बैठकीतील चर्चेनुसार तालुकानिहाय यादीत नाकारलेले अर्ज न दाखवण्याची सूचना समजली. तसे केल्यास एकूण प्राप्त अर्ज आणि यादीतील नोंदी यांची बेरीज जुळणार नाही. नाकारलेल्या अर्जांची स्वतंत्र यादी अपिलासाठी उपलब्ध ठेवावी, असे प्रस्तावित आहे. कृपया लेखी मान्यता द्यावी. मान्यता मिळेपर्यंत सध्याची यादी कायम राहील."

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. कंपन्यांच्या साच्यात "तीन दिवसांत उत्तर न आल्यास मान्यता गृहीत धरली जाईल" असं एक वाक्य असतं. सरकारी कामात ते कुचकामी आहे. न बोललेल्या अधिकाऱ्याची सही कुणी मानत नाही, आणि उद्या प्रश्न आला तर तुम्ही परस्पर बदल केला एवढंच नोंदीत राहतं.

महत्त्वाचं असेल तर मेलवर थांबू नका. पत्राच्या दोन प्रती काढा, आवक शाखेत एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच फाइलला लागली की ती मेलच्या दसपट बोलते. बैठकीचं इतिवृत्तही तुम्हीच त्याच संध्याकाळी लिहून कार्यासनाला (खात्यात तो विषय हाताळणाऱ्या टेबलाला) द्या. त्यांना वेळ नसतो आणि तयार मसुदा मिळाला की ते खूश असतात. मात्र तो साहेबांच्या सहीने आणि जावक क्रमांकाने बाहेर पडेपर्यंत तो फक्त तुमचा निबंध आहे.

४. लागू दिनांक विचारा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा, जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून (स्वतःच्या निधीतून) मुलींना सायकल द्यायची योजना आहे. शाळेपासून घर २ किलोमीटरपेक्षा लांब असावं अशी अट होती, ती ३ किलोमीटर झाली. कोडमध्ये २ चे ३ करायला मिनिटभर लागतं. आता काटोल तालुक्यातली एक मुलगी घ्या. अंतर अडीच किलोमीटर. तिने अर्ज केला तेव्हा अट २ ची होती. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी अर्ज तपासून पुढे पाठवला, जिल्ह्याची मंजुरी बाकी होती, आणि त्या आठवड्यात तुम्ही तो मिनिटाचा बदल केला. मंजुरीचं बटण दाबलं की सिस्टीम म्हणते, अपात्र. मुलीचे वडील पंचायत समितीत येऊन विचारतात, "तुम्हीच तर पात्र म्हणाले होते जी?" उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसता, बाबू असतात.

प्रत्येक अर्जाच्या आयुष्यात निदान तीन तारखा असतात: अर्जाची, मंजुरीची, लाभ दिल्याची. नवा नियम यांतल्या कुठल्या तारखेला लावायचा? जीआरमध्ये कधी "तात्काळ प्रभावाने" असतं, कधी "आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून", कधी काहीच नसतं. कधी तर मागच्या तारखेपासून लागू केलेलं असतं. म्हणून प्रत्येक बदलाबरोबर खात्याला तीन ओळींचा प्रश्न पाठवा: कोणत्या तारखेपासून? ती तारीख अर्जाची की मंजुरीची? प्रक्रियेत अडकलेल्या अर्जांचं काय? तिसऱ्या प्रश्नासोबत आकडा जोडा, "सध्या मंजुरीच्या टप्प्यावर इतके अर्ज आहेत, तालुकानिहाय यादी सोबत." नुसत्या प्रश्नाला उत्तर यायला महिना लागतो, आकडा बघितला की फोन येतो.

डेटाबेसातही त्याची सोय हवी. नियमाच्या टेबलात प्रत्येक ओळीला "पासून" आणि "पर्यंत" हे दोन रकाने, आणि जीआर क्रमांकाचा तिसरा. जुनी ओळ कधीही पुसायची नाही, बदलायची नाही. तिचं "पर्यंत" भरायचं आणि नवी ओळ घालायची. अर्जाच्या नोंदीत कुठल्या ओळीप्रमाणे निर्णय झाला ते साठवायचं. दोन वर्षांनी माहिती अधिकारात कुणी विचारतं, माझा अर्ज कोणत्या नियमाने नाकारला? तेव्हा हे उत्तर एका क्लिकवर निघायला हवं.

मागच्या तारखेपासून नियम सैल झाला तर एक मोह होतो: एक स्क्रिप्ट चालवून नाकारलेले अर्ज पात्र करून टाकावेत. करू नका. पात्र ठरू शकतील अशांची यादी काढून द्या, अधिकाऱ्याचा आदेश घ्या, आणि त्या आदेशाचा क्रमांक टाकूनच स्थिती बदला. अर्जदाराच्या नोंदीत "नाकारला" हा जुना टप्पाही दिसत राहू द्या.

प्रवर्गांची गोष्ट याच धाटणीची. महाराष्ट्रात २०१८ मध्ये कायद्याने एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग आला, २०१९ मध्ये ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आला. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने एसईबीसी आरक्षण रद्द केलं आणि २०२४ च्या नव्या कायद्याने १० टक्क्यांसह ते पुन्हा आलं. २०२१ मध्ये जो कुणी ड्रॉपडाऊनच्या मास्टरमधून ती ओळ पुसेल त्याचे २०१९ चे अर्ज प्रवर्गाविना लटकणार, आणि २०२४ मध्ये त्याने नवी ओळ घातली की जुन्या-नव्याची सरमिसळ होणार. नाव तेच, पण कायदा वेगळा, टक्केवारी वेगळी, काळ वेगळा. म्हणून टेबलात ओळीही वेगळ्या.

५. काय कोडबाहेर ठेवायचं

रकमा, वयोमर्यादा, मुदती, प्रवर्ग, कागदपत्रांची यादी, प्रमाणपत्रावरचा मजकूर, जिल्हे-तालुके, पदनामं. हे बदलणारच आहे, तर ते टेबलात असू द्या. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाला. २०२३ मध्ये औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबाद धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगर अहिल्यानगर झालं. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या एलजीडी निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला क्रमांक आहे. साठवायचा तो क्रमांक, नाव फक्त दाखवायचं. आणि २०२० मध्ये दिलेल्या प्रमाणपत्राची दुय्यम प्रत काढली तर तिच्यावर तेव्हाचंच नाव यायला हवं, हेही लक्षात असू द्या.

अधिकाऱ्याचं लॉगिन पदाला बांधा, माणसाला त्या पदावर "पासून-पर्यंत" बसवा. सर्वसाधारण बदल्या २००५ च्या कायद्यानुसार एप्रिल-मे महिन्यांत होतात. जूनमध्ये नवे साहेब येतात आणि त्यांना आधीच्या साहेबांनी मान्य केलेला डॅशबोर्ड आवडत नाही. यात राग मानण्यासारखं काही नाही. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना दोन पानी टिपण द्या: काय मंजूर झालंय, कोणत्या पत्राने, काय चालू आहे, काय थांबलंय आणि कशासाठी. अर्धे "नवे" बदल तिथेच मावळतात.

पण सगळंच टेबलात नेण्याचा उत्साहही आवरा. पात्रतेचं प्रत्येक सूत्र स्क्रीनवरून बदलता येईल असं इंजिन बांधणाऱ्या टीम असतात. ते इंजिन पुढे खुद्द टीमलाही उलगडत नाही आणि खात्यात कुणी त्याला हात लावायला धजत नाही. आकडे आणि याद्या बाहेर, तर्क कोडमध्ये, ही विभागणी बहुतेक ठिकाणी पुरते. आणि टेबलातला आकडा बदलायलाही एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासून मान्य करायचं.

काही बदल मात्र कुठल्याच टेबलात मावत नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये राज्याने वैयक्तिक लाभाच्या योजनांत वस्तूऐवजी रक्कम थेट खात्यात देण्याचं धोरण आणलं. वाटप, साठा, पोचपावती असा आधीचा प्रवाहच गेला. त्याजागी लाभार्थ्याने स्वतः खरेदी करायची, बिल द्यायचं, मग खात्यात पैसे, असा नवा आला. असं काही आलं की "छोटासा बदल" म्हणून गळ्यात घेऊ नका. ते नवं मॉड्यूल आहे.

६. पैशाचं बोला, पण फाइलच्या भाषेत

आरएफपीत बदलाचं कलम असतं: सीआर (बदलाच्या कामाचा प्रस्ताव) कसा मांडायचा, मनुष्य-महिन्याचा दर काय, मान्यता कोणत्या समितीची. हे कलम पहिल्याच आठवड्यात वाचा. स्वल्पविरामासाठी सीआर टाकणारी कंपनी लवकरच नकोशी होते, आणि सगळं फुकट करणारी कंपनी आपल्याच लोकांना शनिवार-रविवार राबवते. करार करतानाच दरमहा ठरावीक तासांची किरकोळ बदलांची तरतूद करून घेतली तर निम्मी कटकट वाचते.

सीआरचं पत्र लिहिताना ते वाचणारा कोण आहे ते आठवा. कार्यासनातले लिपिक त्यावरून टिपणी लिहिणार, ती चार टेबलांवरून "मान्यतेस्तव सादर" होत वर जाणार. तुमचं पत्र इंग्रजी तांत्रिक शब्दांनी गच्च भरलेलं असेल तर नस्ती (फाइल) तिथेच बसते. साध्या मराठीत चार परिच्छेद द्या: मूळ करारात काय होतं, कोणत्या जीआरमुळे किंवा पत्रामुळे काय बदलतंय, किती काम आणि कराराच्या दराने किती खर्च, न केल्यास काय अडेल. लिपिकाला ते जसंच्या तसं टिपणीत उतरवता आलं पाहिजे. कराराच्या कलमाचा क्रमांक घालायला विसरू नका. लेखापरीक्षक काही वर्षांनी येतात, तोवर तुम्ही आणि साहेब दोघेही दुसरीकडे असता, आणि "मूळ कामात हे नव्हते का?" या आक्षेपाला उत्तर फक्त ती नस्ती देते.

७. नागपूरचं कॅलेंडर

डिसेंबरमध्ये बहुधा हिवाळी अधिवेशन असतं. शहरभर बंदोबस्त, रविभवनाकडे गाड्यांची रांग, आणि तुमच्याकडे दुपारी चारला फोन: "तारांकित प्रश्नाचं उत्तर आहे, सहापर्यंत तालुकानिहाय आकडे पाहिजे." हे दर वर्षी होणार हे माहीत आहे, तर नोव्हेंबरच्या शेवटी मोठा बदल खऱ्या सिस्टीमवर चढवू नका. डेटाबेसची फक्त वाचण्यापुरती वेगळी प्रत तयार ठेवा. आणि दिलेला प्रत्येक आकडा ज्या क्वेरीने काढला ती क्वेरी, तारीख आणि वेळ यांसह जपून ठेवा. सभागृहात दिलेला आकडा नोंदला जातो. पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न आला आणि वेगळ्या क्वेरीने वेगळा आकडा निघाला, तर फरकाचं स्पष्टीकरण खात्याला द्यावं लागतं.

मार्चमध्ये निधी खर्ची टाकायची घाई असते. तेव्हा मागितलेले बदल एप्रिलमध्ये बरेचदा कुणालाच आठवत नाहीत. आचारसंहितेत नव्या लाभार्थ्यांची प्रक्रिया थांबवायची सूचना येऊ शकते, तेव्हा योजना "स्थगित" ठेवण्याची सोय असू द्या. "बंद" वेगळं, "स्थगित" वेगळं.

८. चढवण्याआधी आणि चढवल्यावर

यूएटी, म्हणजे खात्याने वापरून बघायची स्वीकृती चाचणी, वातानुकूलित सभागृहात साहेबांसमोर होते. तिथे सही मिळते, चुका सापडत नाहीत. त्याच आठवड्यात कुही नाहीतर भिवापूरला जाऊन डेटा एंट्री ऑपरेटरच्या शेजारी तासभर गप्प बसा. तिथलं नेट, तिथला जुना प्रिंटर, "ऱ्ह" आणि "ऱ्या" टाइप करताना होणारी अडचण, आणि अर्जदार समोर उभा असताना ऑपरेटर कुठलं बटण दाबायचं टाळते, हे सगळं तिथेच दिसतं.

बदल चढवला की ऑपरेटरांना खात्याच्या सहीने एक पानाची सूचना जाऊ द्या: काय बदललं, कोणत्या तारखेपासून, कोणत्या जीआरने, हातातल्या जुन्या छापील अर्जांचं काय करायचं. पान एकच, स्क्रीनच्या चित्रासह. टेबलाच्या काचेखाली सरकवता येईल असं.

तारीख कबूल करताना सुरक्षा ऑडिट विसरू नका. सरकारी सर्व्हरवर ॲप चढवायला सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) यादीतल्या संस्थेचं प्रमाणपत्र मागितलं जातं, आणि मोठ्या बदलानंतर ते पुन्हा करून घ्यावं लागतं. ऑडिटर त्रुटी काढणार, तुम्ही त्या दुरुस्त करणार, तो परत तपासणार. साहेबांनी "कधी होईल?" विचारल्यावर फक्त कोडिंगचे दिवस सांगितले, तर हे दिवस कुणाच्याच हिशोबात येत नाहीत. ते धरूनच तारीख सांगा, आणि तीही मेलवर.